टेपीवरचा धवळा

बारकीआजीला मी हसताना पाहिलं ते फक्त म्हशाच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत. एरवी सकाळी डोळे उघडल्यापासून ती कोणावर तरी चिडलेलीच असायची. कोंबडी अंडं घालून ओरडली की ही आतून तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची, "समजलं गो, घातलंस! गाव गोला करू नको!" एसटी उशिरा आली तर ड्रायव्हरला शिव्या, वेळेवर आली तर आपल्या चपलांना, कारण त्या सापडायच्या नाहीत. नाव बारकी आणि बाई दाराची चौकट भरून टाकेल एवढी. हे नाव कोणी ठेवलं असं मी एकदा विचारलं, तर त्याचाही तिला राग आला. "जल्मले तवा बारकीच व्हते. मोटं कोन जल्मतं?"

शेणव्याच्या अलीकडे एका गावात मला शाळेत नोकरी लागली आणि मी तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. सामान उतरवून होतंय तोवर ती ओट्यावर येऊन उभी राहिली, बोटानं दातांना मिश्री घासत.

"लगीन झालंय?"

"झालंय. ते कल्याणला असतात, रविवारी येतील."

"लावलं कोनी?"

"भटजींनी."

"आन् बाई कोन व्हती?"

मला कळेना कुठली बाई. बाई कोणी नव्हती असं मी सांगितलं. ती ओट्याखाली पचकन थुंकली. "मंग अर्धंच झालंय," म्हणाली आणि गेली. पुढं कितीतरी वर्षं मी गावात 'अर्ध्या लग्नाची मास्तरीन' होते. नवरा रविवारी आला की ती भिंतीपलीकडून हाक मारायची, "आला का गो तुजा अर्धा?"

बारकीआजी धवळारीण होती. त्या भागातल्या लग्नात भटजी असला तर असतो, नसला तर अडत नाही. धवळारीण मात्र लागतेच. हळद लागण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा एक धवळा असतो, म्हणजे लग्नाचं गाणं, आणि ते म्हणणारी जाणती बाई मांडवात बसल्याशिवाय तिथल्या लोकांच्या लेखी लग्न पुढं सरकत नाही. आजीचा आवाज काही गोड नव्हता. जाडाभरडा, मिश्रीनं थोडा चिरलेला. पण तिनं पहिली ओळ उचलली की बेंजोवाले आपणहून थांबायचे, आणि मांडवाबाहेर हुंदडणारी पोरंही आत येऊन बसायची. तिची सासू धवळारीण होती, तिच्याकडून ही शिकली. सासूबद्दल एवढं एकच ती चांगलं बोलायची.

इतर धवळारणी लग्न लावून, लुगडं घेऊन घरी जात. हिचं तसं नव्हतं. "मी लावलेलं लगीन हाय, मीच बगनार," असं म्हणायची, आणि खरोखर बघायला जायची. पोर झालं की पाचवीला ही न बोलावता दारात हजर. बाळाकडे आधी बघायची नाही. आधी घरातल्या रांजणात डोकावायची आणि विचारायची, "पानी कोन भरतं?" उत्तर ऐकून मग ठरायचं की आत येऊन बाळाला मांडीवर घ्यायचं की दारातच उभं राहून तोंड सोडायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला काशिनाथ राहायचा. त्याचंही लग्न हिनंच लावलेलं. त्याची बायको दिवस भरत आलेले असताना विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर घेऊन येत होती, आणि काशिनाथ देवळाच्या ओट्यावर कॅरम खेळत होता. आजीनं हे पाहिलं. तिनं काशिनाथला काही म्हटलं नाही. सरळ जाऊन कॅरमचा बोर्ड उचलला, सोंगट्या खाली सांडल्या, आणि बोर्ड डोक्यावर घेऊन चालायला लागली. काशिनाथ मागून, "आजी, दे ना गो, दे ना." ती विहिरीपर्यंत गेली, बोर्ड विहिरीच्या काठावर तोलून धरला आणि म्हणाली, "तिचे हंडे घेतोस, का ह्यो सोडू आत?" काशिनाथनं मागं फिरून वाटेवरच्या बायकोचे हंडे घेतले. चार पोरांसमोर डोक्यावर हंडे घेऊन तो घरी गेला आणि पुढं महिनाभर आजीशी बोलला नाही. आजी म्हणाली, "नको बोलू. पानी भर."

माणसांचं असं हे सगळं. सिनेमावर मात्र तिचा जीव. पौषात म्हशाची जत्रा भरली की ती मला घेऊन जायची. बैलबाजाराकडे बघायची नाही, घोंगड्यांच्या दुकानात भाव करून भांडायची आणि घोंगडी न घेताच पुढं जायची. देवाला नारळ देऊन होईस्तोवर तिला धीर नसायचा. मग तंबू. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, मधे दोरी. जमीन शेणानं सारवलेली आणि खाली थंडीनं गारठलेली. आम्ही संध्याकाळच्या पहिल्याच खेळाला जायचो, कारण नंतरच्या खेळांना बाप्ये पिऊन येतात हे तिला पसंत नव्हतं.

एका वर्षी तिथं एक विनोदी सिनेमा आला होता. नाव माझ्या लक्षात नाही. आमच्याकडे त्याला सगळे 'पोरावाला पिच्चर' म्हणत. शहरातली दोन पोरं, पोरगा नि पोरगी, घरच्यांना न सांगता लग्न करतात. एका कचेरीत जाऊन सह्या करतात, दोस्त पेढे भरवतात, झालं लग्न. मग एका खोलीतला संसार. तिला भात येत नाही, त्याला चहा येत नाही. भांडणं, रुसवे, मग तिला दिवस जातात, आणि पुढचा सगळा सिनेमा त्या पोरग्याची बाप होताना कशी त्रेधा उडते यावर.

कचेरीतल्या सह्या झाल्या, पेढे वाटून झाले, आणि पडद्यावर दोघं हातात हात घालून खोलीचं कुलूप उघडायला लागले. बारकीआजी बसल्या जागी ताठ झाली.

"हे काय? धवला कुठं म्हटला?"

मी म्हटलं, "आजी, शहरात असंच असतं. सह्या केल्या की झालं."

"सह्या जमिनीच्या करतात! लगीन नाय लागलं त्यांचं. तशीच खोलीत चालली!" आता तिचा आवाज वर चढला होता. "आन् पोर झालं म्हंजे? काय म्हननार त्याला लोक?"

आणि ती उठून उभी राहिली. तिच्या डोक्याची सावली पडद्याच्या कोपऱ्यात पडली. मागून बाप्ये ओरडले, "बस की खाली!" ती बसली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि धवळा सुरू केला. पडद्यावरची दोघं तोवर करपलेल्या भातावरून भांडत होती. त्यांच्या भांडणावर हिचा धवळा. तंबू हसून हसून आडवा झाला. मशीनवाला बाहेर येऊन हात जोडायला लागला, "आजी, पुढं खेळ हाय माझा." तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळा धवळा, शेवटच्या ओळीपर्यंत. ती खाली बसते न बसते तोच पडद्यावरच्या पोरीनं तोंडाला पदर लावला आणि मोरीकडे धावली.

आजीनं माझ्या मांडीवर थाप मारली. "बगितलंस? थोडक्यात वाचली गो पोर!" आणि हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिच्या मागच्या दोन दाढा नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

तो सिनेमाभर ती हसत होती. सिनेमातला पोरगा बाळाची दुपटी धुवायला बसतो, साबण डोळ्यांत जातो, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यो नवरा!" पुढं गावात ज्याला त्याला ती त्याचाच दाखला द्यायची. "तो पिच्चरमदला बग, गोरापान, इस्त्रीचे कपडे, नि दुपटी धुतो. तुज्या हाताला काय झालं?" पुढच्या वर्षी जत्रेत तोच सिनेमा पुन्हा आला. लोक आता सह्यांच्या प्रसंगाची वाटच बघत होते. "आजी, धवला!" असा दोन्ही बाजूंनी पुकारा झाला. तिनं पुन्हा उभं राहून लग्न लावलं. काही लोक तर सिनेमापेक्षा त्यासाठीच येत असावेत.

बाळू बेंजोवालाही त्या तंबूत होता. त्याची बेंजो पार्टी होती, कर्णे होते, आणि एक टेप होता ज्यात आवाज भरता यायचा. एका लग्नात त्यानं आजीचे सगळे धवळे भरून घेतले आणि तिला ऐकवले. तिनं थोडं ऐकलं आणि भडकली, "ही कोन भवानी? सूर बग कसा, कोल्ह्यासारका." बाळू म्हणाला, "आजी, तूच." मग ती गप्प बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरी म्हनते गो ती." चांगल्या थट्टेची गोष्ट होती ती. पुढं काय होणार हे कोणाच्या मनात असतं?

समोरच्या घरात यमी होती, सखारामची मुलगी. माझ्या वर्गात शिकून गेलेली, तेव्हा शेणव्याच्या हायस्कुलात नववीला. चेहऱ्यानं अजून पोरच. सुट्टीत येऊन माझ्याकडे जुनी मासिकं मागायची आणि ओट्यावर पालथी पडून वाचायची. सखारामनं मे महिन्यात तिचं लग्न ठरवलं, मुरबाडकडच्या एका गावातल्या पोराशी. का? पोराकडची माणसं चांगली, आणि घरात वाढती मुलगी ठेवून करायचं काय, एवढंच. दुसरं कारण नव्हतंच. मी सखारामशी बोलले, यमीच्या आईशी बोलले. ग्रामसेवकाला सांगितलं, तो म्हणाला अर्ज द्या, मी दिला. पोलीस पाटलाला सांगितलं, तो म्हणाला बघतो. त्यानं बघितलं ते असं की लग्नाच्या दिवशी तो पहिल्या पंगतीला जेवायला बसला होता. त्या सगळ्यांचे चेहरे मला आठवतात. सगळे चांगल्या स्वभावाचे होते, हसतमुख होते, आणि एकालाही त्या मुलीचं काही पडलं नव्हतं.

सखाराम लुगडं आणि नारळ घेऊन बारकीआजीला बोलवायला आला. तिनं ते ओट्यावरही ठेवू दिलं नाही.

"मी म्हननार नाय धवला."

"आजी, माझं लगीन तूच लावलंस. माज्या पोरीचं नाय लावनार?"

"तुज्या बायकोला तवा किती वरसं व्हती, ते मला ठावं नवतं. हिचं ठावं हाय. ही माज्या म्होरं जल्मली. नाय म्हंजे नाय."

सखाराम दोनदा आला, पाहुण्यांना घेऊन आला, रडला, चिडला. ती हलली नाही. पंचक्रोशीतली दुसरी धवळारीण डोळखांबकडे होती, आणि आजीनं तिलाही निरोप धाडला होता की आलीस तर तंगडी मोडीन. तिला खात्री होती की आता लग्न होत नाही. लग्नाच्या सकाळी ती आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, अगदी निवांत. एवढी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. "बसू दे मांडव घालून," म्हणाली. "मांडवानं लगीन लागतं काय?"

आणि समोरच्या मांडवातून कर्ण्यावर तिचाच आवाज आला.

बाळूनं टेप लावला होता. हळदीचा धवळा संपला, पुढचा लागला. मांडवात माणसं गप्प बसून ऐकत होती, तशीच जशी तिच्यासमोर बसायची. ओट्यावर बारकीआजी तोंड मिटून बसलेली, आणि समोरून बारकीआजी गात होती. हातातलं सूप तिनं कधी खाली ठेवलं तिलाच कळलं नाही. मग ती उठली आणि धावली. त्या देहानं कशी धावली देव जाणे. मांडवात शिरून ती ओरडत होती, "बंद कर! मेल्या बंद कर! मी नाय म्हनत! ती मी नाय!" पण कर्णा तिच्यापेक्षा मोठा होता. तिच्या ओरडण्यावर तिचाच धवळा चढत गेला. बायकांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं. अक्षता पडल्या. त्यातले चार दाणे तिच्या केसांत अडकले होते, ते मी घरी आल्यावर काढले.

बाळू नंतर म्हणाला, "आजी, सखारामदादानं मागितली कॅसेट, मी दिली. माझं काय चुकलं? गाना तं तुजाच व्हता." याला काय म्हणायचं? मला तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून आजीनं एकच धोशा लावला. लग्न लागलेलं नाही. टेपीनं लग्न लागत नाही, धवळारीण बसली पाहिजे. यमी सासरी गेली असेल, पण ती पाहुणी म्हणून गेली आहे, आणि तिला परत आणायची. लोक हसायचे. मी हसले नाही. त्या सगळ्या गावात, अर्ज, कायदा, पोलीस पाटील हे सगळं धरून, त्या मुलीच्या बाजूचा तोच एक मुद्दा होता जो तिथली माणसं नीट ऐकून घेतील असं मला वाटत होतं.

ती यमीच्या सासरी दोनदा गेली, दोन्हीदा दारातून परत पाठवली. भातझोडणीच्या दिवसांत कळलं की यमीला दिवस गेलेत आणि ती भाऱ्यांवर भारे वाहते आहे. आजी माझ्याकडे आली. "चल तू. तुजा चष्मा बगून तरी बसायला देतील."

बसायला दिलं. अंगणात घोंगडी टाकली, गावातली चार मोठी माणसं जमली. यमी सगळ्यांना पाणी घेऊन आली. अंगावरची साडी तिला पेलत नव्हती. तिनं माझ्यासमोर तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "बाई, नववीचा निकाल लागला का?" मी म्हटलं, लागला, तू पास आहेस. तिनं मान हलवली आणि आत गेली.

बारकीआजीनं आपलं म्हणणं मांडलं. चारचौघांत पहिल्यांदाच मी तिला आवाज न चढवता बोलताना ऐकलं. मी धवळारीण, मी नाही म्हटलं होतं, मी मांडवात बसले नव्हते, म्हणून लग्न लागलं नाही, पोर आमची आहे. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. एक जण तर मान डोलवायला लागला होता. तेवढ्यात यमीच्या नवऱ्याचा काका पुढं सरकला. डोक्यानं तरतरीत माणूस, हसून बोलणारा.

"आजी, म्हशाच्या तंबूत तूच व्हतीस ना? पिच्चरमदल्या पोरांचं लगीन लावनारी? मी व्हतो ना तितं."

"व्हते मी."

"ती पोरं तितं व्हती काय? नवती. नुसत्या सावल्या. तरी तुज्या धवल्यानं त्यांचं लगीन लागलं, असं तूच म्हनलीस. तं मग टेपीतल्या धवल्यानं आमच्या जित्या पोरांचं का नाय लागनार?"

सगळे हसले. म्हातारेही हसले. बारकीआजीचं तोंड उघडं राहिलं. असं तिला कोणी कधी अडकवलं नव्हतं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज फाटला.

"तितं मी उभी राहून म्हटलं. मला म्हनायचं व्हतं म्हनून म्हटलं. इतं मी नाय म्हटलं व्हतं. सखारामच्या तोंडावर म्हटलं, दोनदा म्हटलं. त्या टेपीत माजं सगलं हाय, हलदीचं हाय, मांडवाचं हाय. माजं 'नाय' कुठं हाय त्याच्यात? ते का नाय भरलंत?"

म्हाताऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. पण न्याय म्हणजे उत्तर देता आलं पाहिजे असं थोडंच असतं? थोड्या वेळानं सर्वांत म्हातारा माणूस उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "जाऊ दे बाय. आता पोट आलंय तिचं. पदरी पडलं नि पवित्र झालं." आणि चहा आला.

पदरी पडलं नि पवित्र झालं! ही म्हण ज्यानं केली त्याच्या पदरात कधी काही पडलं नसावं. टाकणारे पुरुष, पदर बाईचा, आणि पवित्र काय झालं हे ठरवणारेही तेच. त्या चहाचा कप मी तसाच ठेवून उठले. बारकीआजी तर अंगणाबाहेर पोचली होती.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. ड्रायव्हरला शिवी नाही, कंडक्टरशी भांडण नाही. सरळगावच्या पुढं आल्यावर ती एकदम म्हणाली, "येवडी भांडले गो मी. पन तिला इचारलंच नाय." मी म्हटलं, कोणाला? "यमीला. ती पानी द्यायला आली व्हती ना. कोनीच नाय इचारलं. मी पन नाय."

त्यानंतर बारकीआजीनं एक नवीन गोष्ट काढली. मांडवात बसली की पहिला धवळा उचलण्याआधी ती थांबायची, नवरीकडे तोंड करायची आणि सगळ्या वऱ्हाडासमोर मोठ्यानं विचारायची, "पोरी, तुला पायजे का ह्यो?" नवरी लाजून मान खाली घालायची. आजी पुन्हा विचारायची. तोंडानं 'हा' म्हटल्याशिवाय धवळा नाही. मानेनं चालायचं नाही. वरमाया कावायच्या, नवरदेवाचे मामा उठून उभे राहायचे, एकदा एका वरबापानं शिवीही दिली. "तोंड दिलंय ना देवानं तिला? बोलू दे," असं ती म्हणायची. हळूहळू तिला बोलावणं कमी झालं. कॅसेटी सगळीकडे झाल्या होत्या. कॅसेट काही विचारत नाही. शेवटी शेवटी तर सगळ्या लग्नांत कर्ण्यावर तिचाच आवाज असायचा आणि ती घरी बसलेली असायची. कुठूनही तो आवाज कानावर आला की ती दार लावून घ्यायची आणि आत भांडी आपटायची.

माझी बदली झाली. मी मुरबाडला राहायला गेले. पुढं काही वर्षांनी म्हशाच्या जत्रेत ती मला भेटली, आणि ते शेवटचं. घोंगडीवाल्याशी भांडत होती. थकली होती, पण चौकट अजून भरत होती. मला बघून म्हणाली, "आलीस गो अर्धे? चल, तंबूत पोरावाला पिच्चर लागलाय."

खरंच तोच सिनेमा होता, कितव्यांदा कोण जाणे. पडदाभर रेघा, अधूनमधून आवाज जायचा. तंबू अर्धा रिकामा, कारण आता घरोघरी टीव्ही आले होते. तरी आजीला ओळखणारी माणसं होती. सह्यांचा प्रसंग आला आणि बाप्यांच्या बाजूनं जुना पुकारा झाला, "आजी, धवला! आजी, लाव लगीन!"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. डोक्यावर पदर घेतला. पण तिनं धवळा उचलला नाही. पडद्यावर त्या पोरीनं पेन हातात घेतलं होतं. आजीनं तिच्याकडे बघून आपल्या त्या जाड आवाजात विचारलं,

"पोरी, तुला पायजे का ह्यो?"

लोक हसायच्या तयारीत होते. पडद्यावरची पोरगी गोड हसत सही करायला वाकली. आणि आमच्या बायकांच्या बाजूनं, अंधारातून, दोनतीन रांगा मागून, बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"नाय."

कोणी हसलं नाही. मी वळून बघितलं. पडद्याच्या उजेडात मला आधी मांडीवरचं पोर दिसलं, मग यमी दिसली. शेजारी तिची सासू बसली होती आणि तिच्याकडे डोळे फाडून बघत होती. यमीनं मान खाली घातली नव्हती.

दोरीपलीकडून कोणीतरी पुन्हा म्हणालं, "आजी, म्हन की." बारकीआजीनं पदर मागं सारला. बायकांच्या पायांवरून पाय टाकत ती मागं गेली, यमीच्या शेजारी जागा करून बसली आणि ते पोर उचलून आपल्या मांडीवर घेतलं. पडद्यावर पेढे वाटले जात होते. धवळा कोणी म्हटला नाही.

मी अधूनमधून मागं बघत होते. तो पोरगा दुपटी धुवायला बसला, साबण त्याच्या डोळ्यांत गेला, आणि सगळा तंबू हसला. त्या दोघी समोर बघत बसल्या होत्या.